डावा तळहात

बायको गेली ती बाळंतपणात, पोरासकट. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, निजामाचं राज्य होतं आणि नळदुर्गाच्या बाजारात आमचं किराणाचं दुकान होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, आणि जे लिंग त्यानं जन्मभर गळ्यात बाळगलं ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. तिचा हात मीच सरळ केला. तो पुन्हा पुन्हा कलत होता.

घरी येऊन आडवा झालो तो उठलोच नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला नुसता कंटाळा आला होता, कूस बदलायचासुद्धा. गिऱ्हाइकं रॉकेलसाठी दुकानापुढं ताटकळून परत जात, आणि मला त्यांचाच राग येई. यांना दिवे लावून बघायचंय तरी काय, असं वाटे.

आता आमची रीत अशी, की अंघोळ करायची, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. ज्याची पूजा त्यानंच करायची. दुसऱ्यानं त्याच्या लिंगाला हातही लावायचा नाही. मी अंघोळ करत नव्हतो म्हणून पूजा नव्हती, आणि पूजा नव्हती म्हणून ताट नव्हतं. उशाशी पाणी तेवढं कुणीतरी ठेवी. चुलीवर रोज भाकऱ्या होत होत्या, त्यांचा वास यायचा, पण बिनपूजेच्या माणसापुढं ताट सरकवायचं पाप कोण करणार? वडील उंबऱ्यातून म्हणत, "ऊठ की रं. आंघूळ कर, लिंग धर, मग जेव." शेजारी म्हणत, पोरगं कडक उपास करतंय, बायकोवर लई जीव होता त्याचा. मी उपाशी मरत होतो आणि गल्ली माझं कौतुक करत होती.

चौथ्या दिवशी सकाळी अव्वा, म्हणजे माझी आई, तांब्या घेऊन आली. तिनं माझ्या गळ्यातलं लिंगाचं पांढरं वस्त्र सोडलं, लिंग काढलं आणि माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. चार दिवसांच्या पारोशा हातावर.

वडील ओरडले, "अगं, काय करतीस? पाप लागंल!"

"लागू द्या मला," ती म्हणाली. "ह्यो जेवला न्हाय तवापासनं म्याबी जेवले न्हाय."

ते मला ठाऊकच नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. "आता म्या हात काढते. धरायचं तर धर. न्हायतर पडू दे."

लिंग जमिनीवर पडणं आमच्यात जीव जाण्याइतकंच वाईट. आणि तिनं खरंच हात काढला. माझा हात कलला, आणि बोटं आवळली गेली. मी काही ठरवलं नव्हतं. तिनं वरून पाणी घातलं, ते मनगटावरून काखेत गेलं, अंथरूण भिजलं, म्हणून मला उठून बसावं लागलं. मग तिनं दुधात भाकरी कुस्करून आणली. माझ्या पहिल्या घासानंतर तिनं आपला घेतला. तो तिनं न चावताच गिळला. मला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी मी बरा झालो असं कुणी समजू नये. पुढं कितीतरी महिने सकाळी तोच कंटाळा छातीवर बसलेला असे. पण मी मनाला काही विचारत नसे. हात सरळ करायचा, पाणी घालायचं, भाकरी खायची, दुकानाची कडी काढायची. भक्तीबिक्ती मला कळत नाही. पडू द्यायचं नाही, एवढं कळतं.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या उन्हाळ्यात अव्वा गेली. मातीत बसवल्यावर मी खड्ड्यात उतरून तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात काढून घेतला. तिचा हात कलला. मी पटकन खालून धरला, तिची बोटं मिटवली, ती पुन्हा उघडली. माती तिच्या कमरेपर्यंत आली तरी मी तसाच धरून बसलो होतो.

"सोड आता," वडील वरून म्हणाले.

मला सोडवेना.