सोमारीची ओंजळ

एटापल्लीकडच्या रानातल्या त्या गावात सोमारीची भाताची बांधी दर साली सगळ्यांच्या शेवटी नांगरली जाई. नवरा गेला आणि त्याच्या पाठोपाठ बैलही गेले. दीर जंगू आपलं उरकलं की मग तिच्याकडे वळे. तोवर इतरांचं भात हिरवंगार झालेलं असे.

सत्तावन्न साली ग्रामसेवक मुखरूजी नव्या भाताचं बी घेऊन आले. ते पेरून निर्भेळ पीक दाखवील, त्याला बैलजोडीसाठी सरकारी अनुदान मिळणार होतं. कमी पडतील त्या पैशांसाठी शेळ्या विकायचं सोमारीने मनाशी ठरवूनही टाकलं.

"पण यात दुसरा दाणा नोको मिसळू, बाई," मुखरूजींनी बजावलं. "साहेब सोता येऊन पाह्यतीन."

जंगूला चेष्टा सुचली. "वयनी, तुया बैलाइले शिंगं राह्यतीन का कागदाचेच हायेत ते?"

"राह्यतीन ना! पयले तुयाच बांधावर चरतीन."

पेरणीआधी बियांचा सण आला. या दिवशी घरटी ओंजळभर बी गायत्याच्या, म्हणजे गावच्या पुजाऱ्याच्या टोपलीत जातं. देवापुढे ते सगळं कालवून तो पुन्हा घरोघर वाटतो, आणि ती ओंजळ आपल्या बियाण्यात घातल्याशिवाय कोणी पेरत नाही. सोमारीने नव्या बियातली ओंजळ टोपलीत घातली. म्हाताऱ्या लच्छू गायत्याने कालवलेलं बी तिच्या पदरात टाकलं.

ते घेऊन ती अंगणात उभी राहिली. कोंबड्या पायाशी गोळा झाल्या. पदर झटकला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण नवरा गेला त्या साली तिच्या घरात टोपलीत घालायला दाणा नव्हता. ती मोकळ्या हाताने गेली, तरी लच्छूने तिचा पदर भरला होता. "बी गावाचं हाये, पोरी," एवढंच तो म्हणाला होता.

सोमारीने कोंबड्या हाकलल्या आणि पदरातलं बी सरकारी बियात ओतलं.

पीक जोमाने आलं. पण साहेब बांधावर आले तेव्हा नव्या भाताच्या आखूड पांढऱ्या लोंब्यांमधून उंच तांबड्या लोंब्या डोकावत होत्या.

"हे कोणी मिसळलं?"

मुखरूजींनी बांधावर जमलेल्यांतल्या लच्छूकडे पाहिलं. लच्छू काही बोलणार, तेवढ्यात सोमारी म्हणाली, "म्याच."

"काऊन केलं असं, बाई?" मुखरूजी कळवळले.

साहेब वाईट नव्हते. पीक चांगलं आहे म्हणाले, आणि अनुदानाच्या यादीतलं तिचं नाव खोडून निघून गेले.

पुढच्या सणाला टोपलीत तिचे पांढरे दाणे घराघरांतून परत आले होते. लच्छूने ओंजळ दिली, ती तिने पदरात घेतली.

त्या पावसाळ्यात जंगूने चेष्टा केली नाही. आपलं उरकून तो नांगर घेऊन आला, तेव्हा बियाची टोपली कडेवर घेऊन सोमारी बांधावर उभी होती. आजूबाजूच्या बांध्या केव्हाच हिरव्या झाल्या होत्या.