पास होईपर्यंत

फी-माफी माझ्या हक्काची होती, हे मी आजही सांगतो. बोदवडजवळच्या आमच्या गावात तलाठ्याशी माझी बाचाबाची झाली होती. त्याने दाखल्यावर वडिलांचे उत्पन्न असे लिहिले की आम्ही सवलतीच्या मर्यादेबाहेर गेलो. जळगावच्या कॉलेजातल्या कारकुनाने तो दाखला वाचून परत माझ्याकडे सरकवला. विद्यापीठ लांब पुण्याला. खेड्यापाड्यांतली हजारो पोरे त्याच्या पदरात, त्यात माझी कैफियत कोण ऐकणार? टर्म फी, परीक्षा फी, लायब्ररी, जिमखाना. जिमखाना मी आत जाऊन कधी पाहिला नाही, पण फीच्या पावतीवर तो दरवर्षी होता.

तेव्हा मी एका आडत दुकानाच्या मारवाडी शेठजींकडे गेलो. त्यांचा मुलगा बी.कॉम.ला माझ्याच वर्गात होता आणि ढ म्हणून प्रसिद्ध होता. शेठजी शिकवणीचे महिन्याला ठरावीक पैसे द्यायला तयार होते. मला ते कमी वाटले.

"महिन्याचं नको," मी म्हणालो. "माझी सगळी फी, दुकानामागची खोली आणि दोन वेळचं जेवण द्या. तो पास होईपर्यंत मी हलणार नाही."

"पदवीपर्यंत?"

"पदवीपर्यंत."

"तारण काय ठेवतोस?"

तारण ठेवण्यासारखा माझ्याजवळ एकच कागद होता, मॅट्रिकचे मूळ प्रमाणपत्र. शेठजींनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि तिजोरीत ठेवले. मी बाहेर पडलो तो छाती काढून. एका व्यापाऱ्याला सौद्यात गुंडाळले, असे मला वाटत होते.

पहिली वर्षे तो माझ्याबरोबर कसाबसा पुढे सरकला. शेवटच्या वर्षी मी पास झालो आणि तो अकाउंटन्सीत गेला. व्यापाऱ्याचा मुलगा, आणि नेमका हिशेबात नापास! पुण्याला मला एम.कॉम.ला प्रवेश मिळत होता, वसतिगृहाच्या कचेरीत कामही मिळणार होते. दोन्हीकडे मूळ प्रमाणपत्र दाखवायचे होते. मी शेठजींकडे गेलो.

"शब्द तुझा होता," ते म्हणाले. "मी तर महिन्याचे देत होतो."

ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. ते शांतपणे सुपारी कातरत राहिले. दुसरी प्रत काढायची तर मूळ प्रत हरवली अशी शपथ घ्यावी लागली असती, आणि ती शेठजींच्या तिजोरीत आहे हे दुकानातल्या हमालालाही ठाऊक होते. ऑक्टोबरात तो पुन्हा नापास झाला. सरकीच्या वासाच्या त्या खोलीत मी पदवीधर होऊन बसलो होतो. येणारे-जाणारे मला मुनीम समजून भाव विचारत आणि मी तो सांगतही असे. एकदा चिडून ट्रंक भरली, आणि तिच्यावरच बसून राहिलो. कागदाविना जायचे कुठे?

तिसऱ्या खेपेला त्याचे परीक्षा केंद्र धुळ्याला आले. मी बरोबर गेलो. धर्मशाळेत उतरलो. पेपरच्या दिवशी सकाळी मी त्याच्यासाठी एक ताळेबंद सोडवत होतो. दोन्ही बाजू जुळेनात. तासभर डोके फोडले. तो बूट घालत होता. लेस बांधता बांधता त्याने माझ्या वहीकडे उलट्या बाजूने पाहिले.

"घसारा दोनदा धरला तू."

मी पाहिले. दोनदा धरला होता.

"तुला येतं?"

"येतं ना भो. आमच्याकडे पोरं आधी व्याज शिकतात, मग बोलायला."

मी त्याची कॉलर धरली. "मग मला काय घाण्याला जुंपलंय?"

"शर्ट सोड, इस्त्रीचा शे," तो म्हणाला. आमच्या हमालांची बोली तो मला डिवचायलाच वापरत असे. मग मात्र त्याने चेष्टा सोडली. "पास झालो की दुसऱ्या दिवशी गादीवर. मग लग्न. मग मरेपर्यंत कापूस आणि सरकी. नापास आहे तोवर मी विद्यार्थी."

"आणि मी?"

"तुला जेवण आहे ना? तूपही मागून घेतोस."

मी हात उगारला होता. तो मागे सरला नाही.

"एक कर," तो म्हणाला. "आज मी पेपर लिहितो. तू बाबूजींना सांग, याला वकिलीसाठी पुण्याला पाठवा. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. पण नुसतं सांगू नको. टांगेवाल्याशी भांडतोस तसं भांड."

"भांडेन," मी म्हणालो.

जूनमध्ये निकाल लागला. तो सेकंड क्लासमध्ये पास झाला. मला पास क्लास होता, हेही इथे लिहून टाकतो.

शेठजींनी पेढे मागवले, तिजोरी उघडली आणि प्रमाणपत्र माझ्या हातात दिले. घडीवर ते जरा पिवळे पडले होते. मी ते शर्टाच्या आतल्या खिशात घातले आणि म्हणालो, "शेठजी, त्याला वकिलीला पुण्याला पाठवा. डोकं आहे त्याला."

"नाही. दुकान कोण पाहील?"

पहिला नकार म्हणजे सौद्याची सुरुवात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. उत्तरे तयार होती. मुनीम होता, त्याचा धाकटा भाऊ होता, दुकानाला घरचा वकील असण्याचा फायदा होता. पण जास्त बोललो तर शेठजी त्याच्याबरोबर मलाही बांधतील, अशी मला भीती वाटली. कागद छातीला लागत होता.

"तेही खरंच," मी म्हणालो आणि उठलो.

तो बाहेर पायरीवर उभा होता.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"किती वेळा?"

मी ट्रंक उचलली. शेठजींनी माझे एक वर्ष खाल्ले, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्या पायरीवर माझ्यापाशी उत्तर एकच होते.

"एकदा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, चपला काढल्या आणि तो आत गादीकडे गेला.