साडूंच्या करदोट्याची किल्ली

साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतकं विजेला भिणारं माणूस सापडायचं नाही, आणि त्यांची उभी नोकरी गेली ती विजेच्या सबस्टेशनात. घरातलं बटणसुद्धा ते बोटांच्या मागच्या बाजूनं दाबत. पंगतीतही रबरी चप्पल काढत नसत. राजारामपुरीत एका लग्नात वाढप्यानं हटकलं, तेव्हा मांडवात लोंबणारी दिव्यांची माळ दाखवून ते शांतपणे म्हणाले, "पयलं ती काढा, मग चप्पल." आम्ही पोट धरून हसायचो. 

दोन हजार साल उलटलं आणि शेजारचा साखर कारखाना उसाच्या चिपाडावर वीज करून वीज मंडळाच्या तारांत सोडू लागला. साडूंची झोप उडाली. "आता आपण इकडनं बंद केली तरी तिकडनं ईल की, पावणं. खांबावरच्या वायरमनला कसं कळायचं?" मंडळ म्हणे कारखान्यानं कळवावं, कारखाना म्हणे मंडळानं विचारावं, पत्रं नुसती ये-जा करत होती. साडूंनी आपल्यापुरता नियम केला. दुरुस्ती निघाली की कारखान्यात जायचं, स्विच बंद झालेला डोळ्यांनी बघायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली करदोट्याला बांधून परत यायचं. तोवर वायरमन खांबाखाली बसून.

एकदा त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवरून नेलं. 'बंद केलंय, चढा' असा कारखान्याचा फोन येऊन गेला होता. वायरमन पट्टे बांधून तयार होते. "म्या येईस्तोवर कुणी हलायचं न्हाय," साडूंनी त्यांना दरडावलं. कारखान्याचे इंजिनिअर दारातच तडकले, "सारखं काय ओ तुमचं? आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय. स्विचवर न्हाय."

आत जाऊन बघतो तर बंद केलेला स्विच दुसऱ्याच लाइनचा. आमचा चालूच होता.  इंजिनिअरांनी घाईघाईनं तो बंद केला. साडूंनी कुलूप घातलं, पण करदोट्याला गाठ मारायला त्यांची बोटं ऐकेनात. ती मी मारली. 

पुढे ते इंजिनिअर स्वतःच कुलूप घालून किल्ली सबस्टेशनात आणून देऊ लागले.

साडू आता निवृत्त होऊन उचगावात असतात. परवा आमच्याकडे जेवताना लाइट गेली. मी लाइटवाल्यांना शिव्या घालायला तोंड उघडलं, तर साडूंचा हात कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"गप ऱ्हावा, पावणं," ते हळूच म्हणाले. "खांबावर कोणतरी असंल."

लाइट येईपर्यंत आम्ही दोघांनीही घास उचलला नाही.