आबांची विचारपूस

लग्नाच्या मांडवात नवी ओळख झाली की आबा आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि लगेच, "तुमना पणजोबा कसाघाई गयात?" प्लेगने, पटकीने की मानमोडीच्या तापाने, एवढंच त्यांना हवं असे. बोदवडच्या एका लग्नात नवरीचे मामा त्यांना म्हणाले, "आबा, लग्नाचं जेवतोय आम्ही, तेराव्याचं नाही." आबा हसले आणि ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत गेले. तिथेही तेच. शेजारी मी मान खाली घालून बसलेली असे.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. धुळ्यातली नोकरी संपवून ते शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी परतले होते. मी जळगावला इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात कमी बोलणारी. "तुन्ही इंग्रजी आते कामे पडी," असं म्हणून त्यांनी मला साहेबाच्या काळातले साथीचे अहवाल वाचायला बसवलं. लॅपटॉपवर मी वाचायचे, मराठीत सांगायचे. तालुक्यात किती मेले ते त्यांत असे, कोण मेलं ते नसे. आबा तरी म्हणत, "पुढे वाच."

त्यांना शोधायची होती त्यांची आजी. प्लेगात उंदीर पडू लागले तसं अख्खं गाव घरं सोडून शेतातल्या झोपड्यांत गेलं. आबांचे वडील तेव्हा लहान होते. "आई घरातच वारली, मग आम्ही निघालो," असं ते आयुष्यभर सांगत आले. पण गाठ आलेल्या माणसाला आत ठेवून दार बाहेरून लावल्याच्या गोष्टी आबांनी गावोगावी ऐकल्या होत्या. आपली आजी दार लागायच्या आधी गेली होती, एवढं कुणीतरी सांगावं, म्हणून त्यांची ही विचारपूस.

आमच्या घरी एक रीत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे पितरांच्या नावाने चुलीपाशी निखाऱ्यावर घास टाकतात, ती आगारी. आमच्याकडे त्याआधी घरातली सून धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, चढायची आणि धूर जायच्या भोकातून भाकरी नि पाण्याचा लोटा दोराने खाली सोडायची. धाबं पाडून स्लॅब टाकला, तेव्हा अक्काने, म्हणजे माझ्या आजीने, गवंड्याला तिथेच भोक ठेवायला लावलं. गवंडी कितीतरी दिवस हसत होता.

एकदा आखाजीला महिना उरला असताना अक्का त्या भोकावरचा पत्रा पुसत होती. आबा सहज म्हणाले, घरात गॅस आला, धूर राहिला नाही, मग हे कशाला? आणि बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. अक्काने फडकं खाली ठेवलं.

"दोर तुमना बापना हातमा व्हता, भाऊ," ती म्हणाली. "ल्हाना व्हतात, हलका व्हतात, म्हनीसन त्यासलेच धाबावर चढाडं. खालतून मायनी वढ लागे. मंग एक दिन लागनी नही."

आबांच्या वडिलांनी हे फक्त बायकोला सांगितलं होतं. तिने मरताना सुनेला, अक्काला.

"माले काबर नही सांगं?" आबांनी विचारलं.

"आख्खा खान्देशले इचारं तुम्ही. माले कधी इचारं?"

त्यानंतर आबांनी कुणालाही काही विचारलं नाही. मी लॅपटॉप उघडला की ते उठून ओट्यावर जात. लग्नातही मुकाट जेवत. लोकच म्हणू लागले, आबांना बरं नाही का?

त्या आखाजीला, आमच्या घरात कुठल्याच पुरुषाने केलं नव्हतं ते त्यांनी केलं. अक्काच्या हातातून दोर घेतला आणि एकटेच वर गेले. मी नि अक्का खालच्या खोलीत होतो. भाकरीचं गाठोडं आणि लोटा डुलत खाली आले, जमिनीला टेकले. आता दोर सोडून आबांनी खाली यायचं. ते येईनात. भोकातून त्यांचा हात तेवढा दिसत होता, कातडी सैल झालेला, दोर धरून बसलेला. ते कशाची वाट बघताहेत ते मला कळलं. माझा हात नकळत दोराकडे गेला.

अक्काने माझं मनगट धरलं आणि मान हलवली.

ती आबांची शेवटची आखाजी. ऊन डोक्यावर आलं तरी ते तसेच बसून होते आणि खाली आम्ही दोघी. दोर हलला नाही.