विदरलीची तेरावी खिडकी

सिरिल हॅडलो आमच्या गावचा रंगारी. त्याच्याविषयी माझ्याहून बरं लिहिणारं कुणी असेल. पण सव्वीस वर्षं त्याची शिडी मी धरली, म्हणून लिहितो.

विदरली हाउस या गावातल्या जुन्या हवेलीची दर्शनी भिंत मधल्या दारापासून दोन्हीकडे अगदी सारखी. बांधणाऱ्यांचा तो हट्टच होता. वरच्या मजल्यावर डाव्या टोकाला मात्र आतून धुराडं जातं, तिथे खिडकी बसेना. म्हणून विटांचा कोनाडा करून त्यात खिडकी रंगवली. काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या. दर पाच वर्षांनी ती नव्याने रंगवायचं काम सिरिलचं.

त्याला चैन म्हणून नसे. दोन पट्ट्या ओढल्या की उतरे, हिरवळीच्या टोकाला जाऊन बघे, मान हलवत परत येई. एकदा त्याने तिच्यात अर्धा ओढलेला पडदा रंगवला. दुपारी घरातले पडदे तसेच असत. सकाळी मात्र बाकीचे वर गुंडाळलेले, आणि याचा एकटाच खाली! हा थेट स्वयंपाकघरात, घर सांभाळणाऱ्या पास्कबाईंकडे.

"पास्कबाई, सकाळीही पडदे अर्ध्यावर ठेवाल का?"

"तुमच्या एका खोट्या खिडकीसाठी मी बारा खऱ्या खोल्यांत काळोख करू?"

"अर्धाच हो."

बाईंनी ठेवले. पुरवणी म्हणून दोन शिव्याही दिल्या.

एकाहत्तराव्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. त्याच वर्षी मिस फर्नली नव्या व्यवस्थापक म्हणून आल्या. म्हणाल्या, "रंगवा. काम होईपर्यंत मी इकडे फिरकणार नाही. पण मग खोटी कुठली ते मला ओळखता आलं, तर विटांवर चुना फासू. दर पाच वर्षांनी हा खेळ कशाला?"

अकरा दिवस तो पट्ट्या ओढत होता, पुसत होता, पुन्हा ओढत होता.

"लेन, ही पट्टी थरथरतेय का?"

"नाही रे."

"खोटं बोलतोस. तुझे कान लाल होतात."

शुक्रवारी सकाळी मिस फर्नली हिरवळीवर उभ्या राहिल्या. सिरिल टोपी हातात फिरवत होता. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि बोट दाखवलं.

"ती. वरची, उजवीकडून दुसरी. पट्ट्या वाकड्या आहेत."

तेवढ्यात त्याच खिडकीची काच वर सरकली आणि पास्कबाईंनी फडकं झटकलं.

मिस फर्नली हसल्या. "राहू द्या तुमची खिडकी."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचं लक्षच नव्हतं. तो त्या उजवीकडच्या खिडकीकडे बघत राहिला होता.

शनिवारी उजाडताच तो माझ्या दारात. "शिडी घे."

"अरे, जिंकलास ना?"

"दोनशे वर्षांत सगळ्या खचल्यात, लेन. माझी एकटीच सरळ उभी आहे. आज नाही तर उद्या कुणाच्या तरी लक्षात येईलच. तिलाही जरा वाकवू."

मी शिडी धरली. हात थरथरतच होता. चार वेळा उतरून तो हिरवळीच्या टोकाला जाऊन आला. पट्टी थरथरतेय का, हे मात्र त्या दिवशी त्याने एकदाही विचारलं नाही.