मिटलेली आडवाट

२१ डिसेंबर १९९८. टोळीत बायका चौदा, जीव पंधरा.

पंधरावा जीव मालनबाईच्या सुनेच्या, दीपमालेच्या पोटात होता. तिला आठवा महिना लागला होता. निफाडजवळच्या द्राक्षबागेत विरळणी चालू होती. दिवसभर मांडवाखाली मान वर धरायची, हात त्याहून वर, आणि घडातले जादा मणी कात्रीने काढत पुढे सरकायचे. मालनबाई टोळीची मुकादमीण. काम उक्ते असे आणि टोळीचा नियम जुना होता: जिची ओळ मागे पडेल, तिची ओळ बाकीच्यांनी ओढायची. त्यामुळे जी बसे, ती तेरा जणींच्या खांद्यांवर बसे. हे कोणी दरडावून सांगत नसे. सांगावे लागत नसे, हीच त्या नियमाची ताकद होती.

"दीपे, तुझी ओळ पार मागं राहिली," पलीकडून चांगुणा ओरडली. "पोरगं आतून घड खातंय का काय?"

"खाऊ दे की. मालकाचेच हायेत."

हसता हसता दीपमालेने कमरेला हात लावला. मालनबाईने ते पाहिले आणि कनवटीची गोळी काढली. दुखण्याची ही गोळी किराणा दुकानात सुटी मिळे. टोळीतल्या सगळ्याच बायका ती घेत.

"चहासंगं घे. सांजच्याला अजून एक देते."

सुनेला मायेने द्यावे असे मालनबाईजवळ फारसे काही नव्हते. जे होते त्यात ही गोळी होती. पुढचा महिनाभर ती रोज दोन वेळा देत राहिली.

जानेवारीच्या अखेरीस मुलगी झाली. रडली, पण निळी पडत गेली. तिला शहरात गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात नेले. तिथे ती दोन दिवस जगली. बाळंतीण अजून निफाडलाच खाटेवर होती, म्हणून डॉक्टरांनी मालनबाईलाच आत बोलावले.

"शेवटच्या दिवसांत आई कसली औषधं घेत होती?"

मालनबाईने कनवटीचे गोळ्यांचे पाकीट पुढे ठेवले. डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिले, मग कागदावर एक हृदय काढले.

"पोटात असताना बाळ श्वास घेत नाही, आजी. फुप्फुसं मिटलेली असतात. म्हणून हृदयापाशी एक आडवाट असते. रक्त फुप्फुसं टाळून तिच्यातून अंगात जातं. जन्मानंतर दोनेक दिवसांत ती आपोआप मिटते. तुमच्या नातीची पोटातच मिटली. सगळा जोर हृदयावर आला."

"त्या वाटेचं नाव काय?"

"डक्टस आर्टेरिओसस."

"आपल्यात काय म्हणत्यात?"

"पुस्तकात असेल काहीतरी. मला कधी गरज पडली नाही."

मालनबाई चित्राकडे पाहत राहिली. "म्हंजी पाण्याचं बारं संपायच्या आधीच पाटाचं दार टाकलं."

"अगदी तसंच. या गोळीनं तसं होऊ शकतं. यानंच झालं, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण सुनेला सांगा. पुढच्या खेपेला ही गोळी नको."

"सांगते," मालनबाई म्हणाली.

एसटीत तिने सुनेला सांगायचे वाक्य अनेकदा जुळवले. खाटेवरून दीपमालेने विचारले, "आत्याबाई, डॉक्टर काय म्हणले?"

"काळीज कच्चं होतं म्हणले."

टोळीत तिने गोळ्या देणे त्या दिवसापासून बंद केले. बायकांनी दुकानातून आणून घेतल्या. कंबर मोडत होती आणि नियम बदलला नव्हता. कारण मात्र तिने कोणालाच सांगितले नाही. सांगायचे तर गोळी कोणाच्या हातची होती, हेही सांगावे लागले असते.

दीड वर्षाने दीपमालेला पुन्हा दिवस गेले. २००१च्या मार्चमध्ये ती बाळंतपणाला सटाण्याजवळ माहेरी निघाली. तेव्हा मालनबाईने तिला उंबऱ्याशी थांबवले.

"दुखायची गोळी घेऊ नको, बाई. पोटातल्याला गरम पडती."

तिला वाटले, सांगायचे ते सांगून झाले. पपई गरम, गूळ गरम, तशी गोळी गरम. एवढे कोणत्याही सुनेला पटते. पण गरम वस्तूवर उताराही प्रत्येक घराला ठाऊक असतो. माहेरी उन्हाळ कांद्याची काढणी होती. आई-भावजया वाकलेल्या असताना दीपमालेला ओट्यावर बसवेना; तीही कांद्यात वाकली. तिने गोळी घेतली, रोज घेतली, आणि सासूचा शब्द पाळून दरवेळी वर पेलाभर गार दूध प्याली.

मुलगा एक दिवस जगला. निळा होता.

महिन्याने ती परत आली. चुलीपाशी बसून तिनेच विषय काढला.

"तुमचं ऐकलं होतं, आत्याबाई. नुसती नाय घेतली एकदाबी. दुधासंगंच घेतली."

मालनबाईची तव्यावरची भाकरी करपली. सांगण्याची वेळ तीच होती. त्या क्षणी खरे बोलणे म्हणजे एका लेकराच्या नव्हे, दोघांच्या मरणाचे कारण स्वतःच्या तोंडाने उच्चारणे होते. ती म्हणाली, "बरं केलंस."

दीपमालेला पुढे मूल झाले नाही. टोळी आता ती चालवते. मालनबाईला मान वर धरवत नाही. सुनेच्या कनवटीला गोळ्या असतात. अवघडलेल्या बाईला ती त्या देते आणि न विसरता बजावते, दुधाबरोबर घे.

आज २००८ साल आहे. डॉक्टरांनी दीपमालेसाठी दिलेला निरोप मालनबाईने अजून तिला दिलेला नाही.