वर केलेली करंगळी

आमच्या गॅलरीतून समोरच्या शाळेचा पहिलीचा वर्ग दिसतो. आज सकाळी एक मुलगी करंगळी वर करून उभी होती. बाई फळ्यावर बेरजा लिहीत होत्या, वर्गाकडे त्यांची पाठ होती. मुलगी नुसती या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिली.

मी स्वतः जन्मभर पहिलीलाच शिकवलं. अशी करंगळी दिसली की म्हणायचे, "थांब, पाढा होऊ दे." एकीला सोडलं की सगळा वर्ग उठतो, हे आम्हा शिक्षकांचं ठरलेलं कारण. एकदा बेचा पाढा संपेपर्यंत सुमन नावाच्या मुलीचा फ्रॉक ओला झाला. पोरं हसली. मी हसले नाही, पण पाढाही थांबवला नाही.

पुढच्या आठवड्यात तिची आई भेटली. कौतुकाने म्हणाली, "बाई, आता शहाणी झाली बघा. शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही."

मला तेव्हा बरंच वाटलं होतं. पाढे काय, मुलं पुढे विसरूनही जातात. तहान लागली तरी गप्प बसायचं, हे मात्र आमच्याकडून एकदा शिकलं की पक्कं बसतं.

समोरच्या बाई अखेर वळल्या आणि त्यांनी हातानेच खाली बसायची खूण केली. मुलगी बसली.

सुमनच्या प्रगतिपुस्तकात त्या वर्षी मी लाल शाईने, वळणदार अक्षरात शेरा लिहिला होता: वर्गात शांत बसते.